एकाच हॉलमध्ये आबा, बाळंतीण, बाळ आणि मी: पंख्याचा वारा कुणाला किती द्यायचा?

वऱ्हाडची_ताई (अकोला)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

आम्ही अकोल्यात वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर थेट स्लॅब. मे महिना चालू आहे, दुपारी बाहेर ४३-४४ अंश असतात आणि रात्री अकरानंतरही स्लॅबची धग खाली येत राहते. खोल्या दोन, पण कूलर एकच, तोही हॉलच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर. त्यामुळे झोपायला सगळे हॉलमध्ये. मधोमध छताचा पंखा, त्याचा रेग्युलेटर दाराशेजारी. गेले कित्येक दिवस घरात त्या रेग्युलेटरवरून बोलाचाली चालू आहे.

आबा, म्हणजे माझे सासरे, वय ८१. मधुमेह जुना, बीपीची गोळी चालू. अंगाने काटकुळे. त्यांची गादी जमिनीवर, कारण दिवाणावरून उतरताना तोल जातो. खोलीत ३४ अंश असतानाही ते म्हणतात, "बंद कर वो माय तो पंखा, हाडात घुसून राह्यला वारा." पाय खरंच गार असतात, मी हात लावून पाहिलंय. पहाटे कानटोपी घालतात. उलट भर दुपारी दोन वाजता आम्ही सगळे कासावीस झालेले असताना ते शांत बसून असतात, पाणीही मागत नाहीत. मला भीती वाटते ती त्याचीच.

मी ५१ वर्षांची. पाळी जाण्याचा काळ चालू आहे. रात्री मध्येच अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं, चेहरा-मान पेटते, पंखा पाचवर केल्याशिवाय श्वास घेववत नाही. थोड्या वेळात ब्लाउज घामाने भिजतो आणि त्याच वाऱ्याने हुडहुडी भरते.

लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. बाळ अजून महिन्याचं झालेलं नाही. माझ्या सासूबाईंचं म्हणणं, बाळंतिणीला वारं लागता कामा नये. कानाला रुमाल, अंगभर कपडे, खिडकी बंद. पोर घामाने निथळते आणि मुकाट्याने सोसते. बाळाला टोपडं, झबलं, वर दुपटं. त्याच्या मानेला घामोळं आलंय.

आणि हे. डाळ मिलमधून येतात ते भिजून, आल्या आल्या कूलरसमोर उभे राहतात आणि तो पूर्ण जोरात करतात.

खरं कोण आणि खोटं कोण, हे मला विचारायचं नाही. एकच वारा एकाला बोचतो आणि दुसऱ्याला पुरत नाही, हे शरीरातच असतं की नुसती सवय? आणि एवढ्याशा हॉलमध्ये सगळ्यांची झोप कशी साधायची? एसीची सध्या सोय नाही.


सातारची_सिस्टर

ताई, आधी बाळ आणि बाळंतीण, कारण त्यात थांबून चालत नाही. मी सरकारी रुग्णालयात प्रसूती विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. नवजात बाळाला वाऱ्यापासून जपायचं हे अगदी बरोबर आहे. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या जवळपास तिप्पट असतं, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब निर्माण करणं त्याला जमत नाही. पाठीत-मानेत एक खास चरबी असते, ती जाळून ते कसंबसं तग धरतं. त्यात ते ओलं असेल, आंघोळ घातल्यावर किंवा दुपटं भिजल्यावर, तर पंख्याचा झोत त्याला काही मिनिटांत गार करतो. म्हणूनच बाळंतपणाच्या खोलीत झोत नको आणि तापमान २५ ते २८ च्या दरम्यान हवं, असं आम्हाला शिकवलं गेलं.

पण तो नियम गार खोलीचा. तुमच्या हॉलमध्ये ३४ अंश आहेत. तिथे टोपडं आणि दुपटं घातलेलं बाळ उलट तापतं. त्याचे घाम येण्याचे मार्ग अजून पुरते कामाला लागलेले नसतात, आणि डोकं हीच त्याची उष्णता बाहेर टाकण्याची मोठी जागा, तीच आपण झाकतो. उन्हाळ्यात "ताप आला" म्हणून आणलेली कितीतरी बाळं मी पाहिली, ज्यांना नुसतं दुपट्यातून मोकळं केलं, आईचं दूध पाजलं आणि ताप उतरला. तरीही, एवढ्या लहान बाळाला ताप आला तर घरी अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरांना दाखवाच.

थर्मामीटर असेल तर काखेत ३६.५ ते ३७.५ हे नेहमीचं. नसेल तर आम्ही वॉर्डात करायचो ते करा. हाताच्या मागच्या बाजूने बाळाचं पोट आणि मग तळपाय पाहा. दोन्ही कोमट आणि गुलाबी, म्हणजे बाळ मजेत. पोट कोमट पण पाय गार, म्हणजे त्याला थंडी वाजते आहे, छातीशी घ्या. दोन्ही गरम लागले तर कपडे कमी करा. हात लावून पाहिलं की सासूबाईंनाही वाद घालावा लागणार नाही, त्यांनाच पाहायला सांगा. त्यांचा हात अनुभवी आहे.

बाळाला एक पातळ सुती झबलं पुरे. टोपडं घरात नको. झोत अंगावर थेट नको, पण खोलीतली हवा हललीच पाहिजे. घामोळ्यावर पावडर थापू नका, ती श्वासात जाते. ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.

लेकीचं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घाम जास्तच येतो, विशेषतः रात्री. गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी शरीर बाहेर टाकत असतं आणि संप्रेरकं एकदम उतरलेली असतात. म्हणजे जिला घरात सर्वांत जास्त घाम येतोय तिलाच आपण सर्वांत जास्त गुंडाळतो. पंख्याच्या वाऱ्याने वात होतो याला आधार नाही. घामाने भिजलेल्या कपड्यात तसंच पडून राहिलं की गारठा वाजतो आणि अंग आखडतं, कदाचित जुन्या बायकांनी तेच पाहिलं असेल. तिला सुती गाऊन द्या, भिजला की बदला, पाणी भरपूर द्या, अंगावर पाजतेय ती. आणि शेक-शेगडी करत असाल तर बंद खोलीत कोळसे मुळीच नकोत. त्यातून निघणारा वायू दिसत नाही, पण जीव घेतो.


वायुवीजन_पुणे

ताई, तुम्ही "शरीरातच असतं की सवय" असं विचारलंत. सवयीचाही भाग आहे, पण मुळात शरीरच वेगळं असतं. मी कारखान्यांच्या शेडमध्ये हवा खेळती ठेवण्याची कामं करतो, भिवंडीचे लूम, चाकणच्या फाउंड्रीज. भट्टीसमोरचा माणूस आणि टेबलावर लिहीत बसलेली सुपरवायझर बाई एकाच पंख्याखाली असतात आणि दोघांच्या तक्रारी उलट्या असतात. दोघंही खरं बोलत असतात.

पंख्याने खोलीचं तापमान उतरत नाही. वारा अंगाशी दोन गोष्टी करतो. एक, कातडीलगत उबदार हवेचा जो थर चिकटून असतो तो पुसून नेतो. दोन, घाम वाळवतो. उन्हाळ्यात कातडी साधारण ३४-३५ अंशांवर असते. हवा २८ ची असेल तर पहिलं काम जोरात चालतं, वाऱ्यानेच अंग गार होतं. हवा ३५ ची झाली की त्याचा फायदा शून्य, सगळा भार दुसऱ्यावर, म्हणजे घामावर. हवा ४४ ची असेल तर पहिलं काम उलटं फिरतं, वारा उष्णता अंगात ढकलतो. तेव्हा घाम वाळून जेवढी उष्णता जाते ती त्याहून जास्त हवी, नाहीतर पंखा नसलेला बरा.

घामाची ताकद कमी समजू नका. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ६७५ वॉट-तास उष्णता घेऊन जातो. स्वस्थ बसलेला माणूस शंभर वॉटच्या आसपास उष्णता तयार करतो, म्हणजे साडेसहा-सात तासांची उष्णता त्या एका लिटरमध्ये गेली. पण तो वाळला पाहिजे. जमिनीवर टपकलेला घाम काही कामाचा नाही.

आता तुमच्या घरातली माणसं यात बसवा. तुमचे यजमान मिलमधून चालत, काम करून येतात, त्यांच्या शरीराची भट्टी पेटलेली असते आणि अंग ओलं असतं. त्यांना वारा अमृतासारखा लागणारच, पण अर्ध्या-पाऊण तासाने ती गरज संपते, कूलर मात्र त्याच जोरावर राहतो. आबांचं उलट. स्नायू कमी, हालचाल कमी, म्हणजे उष्णता कमी तयार होते. कातडीखालचा रक्तपुरवठा सावकाश वाढतो, घाम कमी येतो. जुन्या मधुमेहात पायांकडचा घाम आणखी कमी होतो आणि तिथली संवेदनाही बोथट होते. वाळवायला ओलावाच नाही, तर पहाटेच्या २७-२८ च्या हवेत पंखा त्यांच्या अंगची होती नव्हती ती ऊब काढून घेतो. "हाडात घुसतो" हे त्यांचं वर्णन मला अगदी नेमकं वाटतं. आणि दुपारी त्यांना उकडत नाही याचा अर्थ त्यांचं शरीर तापत नाही असा नाही. तापल्याची खबरच उशिरा पोचते, तहानेचीही. तुमची भीती रास्त आहे.

तुमचं स्वतःचं. पाळी जाण्याच्या काळात शरीराचा "इतकं चालेल" हा पट्टा अरुंद होतो. एरवी शरीराचं आतलं तापमान किंचित वरखाली झालं तर काही वाटत नाही, पण या काळात तेवढ्यानेही शरीर घाईघाईने घाम सोडतं, आणि घाम वाळून जरा खाली गेलं की कुडकुडायला लावतं. म्हणून तुम्हाला रात्रभर पाच नंबरचा वारा नको, उठल्याबरोबर हाताला लागेल असा, लगेच चालू आणि लगेच बंद होणारा वारा हवा. ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे असं मला वाटतं: एका रेग्युलेटरवर घरातली सगळी शरीरं बांधलेली आहेत.

आमच्या क्षेत्रात हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे आणि तरी दुर्लक्षित आहे. डेन्मार्कचे संशोधक फँगर यांनी १९७० मध्ये माणसाला गरम वाटेल की गार हे ठरवणाऱ्या सहा गोष्टी मांडल्या: हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-छताची धग, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. आजही जगभरची मानकं त्यावर उभी आहेत. मात्र हालचालीचे, म्हणजे शरीरात तयार होणाऱ्या उष्णतेचे आकडे चाळिशीच्या, सत्तर किलोच्या पुरुषावरून घेतलेले. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की बायकांच्या बाबतीत हा आकडा बराच जास्त धरला जातो. ऑफिसात बायका शाल घेऊन बसतात त्यामागे हे आहे. आपल्याकडेही काम झालंय. संशोधक माधवी इंद्रगंटी यांनी हैदराबादच्या फ्लॅटमध्ये भर उन्हाळ्यात लोकांना विचारून मोजमाप केलं, तर लोक २९ अंशांच्या आसपास समाधानी होते. आपल्या नियमावलीत तेव्हा २३ ते २६ धरलेले. लोक पंखा, पातळ कपडे, दारं-खिडक्या यांनी स्वतःची सोय करून घेतात, फक्त ती करायला त्यांच्या हातात काहीतरी असावं लागतं. अमेरिकेतल्या ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकातही हेच आहे: वाऱ्यावर माणसाचा स्वतःचा ताबा नसेल तर सेकंदाला ०.८ मीटरपर्यंतच वेग चालतो, ताबा असेल तर त्याहून जास्तही. तोच वारा, पण बटण आपल्या हातात असलं की बोचत नाही. ०.८ चा वारा म्हणजे खोली दोन-तीन अंशांनी उतरल्यासारखं वाटणं, हे काही थोडं नाही.

आता हॉल. छताच्या पंख्याचा झोत पात्यांच्या खाली गोलात उतरतो, जमिनीला आपटतो आणि जमिनीलगत चारी बाजूंना पसरतो. त्यामुळे कोपऱ्यातल्या दिवाणावर वारा क्षीण लागतो, पण त्याच कोपऱ्यातल्या जमिनीवरच्या गादीवर सरपटत जाणारा वारा सतत लागतो, आणि तोही पायांकडून. आबांची गादी जमिनीवर आहे! त्यांना उंच, पण उतरायला सोपा असा पलंग मिळाला, बसल्यावर पाय जमिनीला पुरे टेकतील एवढा, तर निम्मी तक्रार मिटेल. तोवर गादीच्या पंख्याकडच्या बाजूला एखादं लाकडी पाट-पेटी किंवा आडवा तक्क्या लावा, वारा वरून जाईल.

शिवाय रात्री नऊ-दहाला तुमचा स्लॅब अजून चांगलाच तापलेला असतो. दिवसभराचं ऊन काँक्रीटमधून खाली यायला काही तास लागतात. त्या वेळी छताचा पंखा छतालगतची सगळ्यात गरम हवाच खाली ढकलतो. म्हणून संध्याकाळी कूलर आणि उभा पंखा, आणि मध्यरात्रीनंतर, स्लॅब निवल्यावर, हवा तर छताचा पंखा दोनवर. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारून घ्या, तेवढ्यानेही फरक पडतो.

माझी मांडणी अशी. कूलरचा झोत हॉलच्या लांबीने जाऊ द्या आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती जायला वाट लागते. वाट नसली की हॉल दमट होतो आणि घाम वाळणं थांबतं. झोतात आधी यजमान, मग लेक. बाळ लेकीच्या पलीकडच्या बाजूला, जाळीच्या मच्छरदाणीत. मच्छरदाणी वारा निम्म्याहून जास्त अडवते, एरवी हा तिचा दोष, तुमच्याकडे तोच गुण. आबा झोताच्या बाजूला, भिंतीकडे. तुमच्या उशाशी एक लहान टेबल फॅन, बटण हाताच्या अंतरावर, तोंड फक्त तुमच्याकडे. असा लहान पंखा विजेलाही फारसा लागत नाही आणि इन्व्हर्टरवर चालतो.


गुहागरकर

वरची उत्तरं वाचली, चांगली आहेत. एक मात्र लिहितो, कारण कोकणातले लोकही हे वाचत असतील. आमच्याकडे कूलर घेऊ नका. माझ्या मेव्हण्याने नागपूरहून बदली झाल्यावर सोबत आणला होता, दोन दिवसांत पापड, मीठ, गाद्या सगळं ओलं. कोकणात ३४ अंश आणि सत्तर टक्के दमटपणा असतो, हवेत आणखी फारसं पाणी मावत नाही, मग ती गार कशाने होणार?

इथे सगळी मदार वाऱ्यावर. माझी आई ऐंशीच्या घरात आहे, पण तिला पंखा कधी बोचत नाही, अंग कायम चिकट असतं म्हणून. तीच दिवाळीनंतर माझ्या भावाकडे पुण्याला गेली की पंखा लावू देत नाही. तेव्हा वयाबरोबर हवाही बघा. आमचं घर कौलारू, माळ्यावरून हवा बाहेर जाते, पुढच्या-मागच्या दारांतून वारा सरळ येतो. नव्या बांधलेल्या बंगल्यांत मागचं दारच ठेवत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.


वऱ्हाडची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं पोट-पाय पाहण्याचं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी स्वतः हात लावला आणि स्वतःच टोपडं काढलं. लेकीच्या कानाचा रुमाल राहिलाय, पण गाऊन आला आणि खिडकी उघडली. मी त्यावर अजून काही बोलणार नाही.

आबांच्या गादीच्या कडेला आडवी पेटी लावली. पहाटे ते कानटोपीशिवाय झोपले होते. टेबल फॅन माझ्या उशाशी आहे, रात्री कुणाला न उठवता लावते.

पण दुपारचं अजून कळलेलं नाही. परवा वीज गेली होती, कूलर बंद, इन्व्हर्टरवर फक्त पंखा. हॉलमध्ये थर्मामीटर ४० दाखवत होता. पंखा लावला तर आबा म्हणाले भट्टीतली हवा येते, बंद केला तर मला राहवेना. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला पंखा लावायचा की नाही?


वायुवीजन_पुणे

ताई, हा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात यावर खूप काम झालंय. २०२१ मध्ये त्यांनी हिशेब मांडला की निरोगी तरुण माणसाला साधारण ३९ अंशांपर्यंत पंख्याचा फायदा होतो, म्हाताऱ्यांना ३८ पर्यंत, आणि घाम कमी करणारी काही औषधं घेणाऱ्या म्हाताऱ्यांना ३७ पर्यंत. त्याआधी २०१९ मध्ये त्यांनी तरुण, निरोगी पुरुषांना पंख्यासमोर बसवून पाहिलं. ४० अंश आणि ५० टक्के दमट हवेत पंख्याने हृदयावरचा ताण कमी झाला. ४७ अंश आणि १० टक्के कोरड्या हवेत तोच पंखा घातक ठरला. विदर्भाच्या दुपारी या दुसऱ्या टोकाकडे झुकतात. घाम येताक्षणी वाळून जातो, मग वाळवायला काही उरत नाही, आणि वारा फक्त गरम हवा आणून अंगावर ओततो. अंदाज द्यायचा तर, हवा ४४ ची आणि उघड्या अंगावर सेकंदाला ०.८ मीटरचा वारा असेल तर वाऱ्यातून आत शिरणारी उष्णता आबांचं शरीर स्वतः जेवढी तयार करतं जवळपास तेवढीच भरते. ओझं दुप्पट.

म्हणून ४० अंशांत कोरड्या अंगावर पंखा नको, आबांचं भट्टीचं म्हणणं खरं आहे. पण अंग ओलं केलं तर सगळं गणित फिरतं. आबांना घाम येत नाही, तर तो बाहेरून द्यायचा. मलमलचा किंवा जुन्या धोतराचा तुकडा साध्या पाण्यात भिजवून, पिळून हात, छाती, मान यांवर ठेवा, आणि मग पंखा हळू लावा. बर्फाचं पाणी नको, कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. त्यांच्या शरीराची उष्णता काढायला तासाला साधारण सव्वाशे मिलिलिटर पाणी वाळावं लागतं, गरम हवेत त्याहून बरंच जास्त. म्हणजे फडकं पुन्हा पुन्हा भिजवायला हवं, एकदा ठेवून विसरायचं नाही. फडकं वाळलं की पंखा बंद.

आणि वीज असेल तेव्हा दुपारी त्यांना कूलरच हवा. बाहेर ४३ अंश आणि दमटपणा १५ टक्के असताना वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताटीतून येणारी हवा २८-२९ पर्यंत उतरते. ती हवा त्यांच्या कातडीहून गार आहे, तिथे घामाची गरजच लागत नाही. पहाटे त्यांना वाऱ्यापासून वाचवायचं, दुपारी वाऱ्यात बसवायचं. घड्याळाप्रमाणे आबांची जागा बदला, त्यांच्या बोलण्याप्रमाणे नको. पहाटे तीन-चारच्या सुमाराला कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा हळू ठेवा, तेव्हा शरीराचं आतलं तापमान दिवसातलं सर्वांत कमी असतं आणि बाहेरची हवाही उतरलेली असते.


सातारची_सिस्टर

वरच्या उत्तरात औषधांचा उल्लेख आला, तो सुटू नये. ताई, आबांच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे उन्हाळा संपायच्या आत एकदा जा. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात शरीरातलं पाणी आणि क्षार लवकर उतरतात. काही बीपीच्या गोळ्या कातडीकडचा रक्तप्रवाह कमी करतात. लघवीवर ताबा राहावा म्हणून, कंपवातासाठी, झोपेसाठी, खाजेसाठी दिलेल्या काही गोळ्या घामच थांबवतात. म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळ्या डॉक्टरांकडून त्या मिळालेल्या असतात आणि कुणीच सगळ्या एकत्र पाहत नाही. स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका.

तहान लागण्याची वाट बघू नका. दर तासाला अर्धा पेला हातात द्या, आणि दिवसातून किती वेळा लघवीला गेले, रंग कसा होता, हे लक्षात ठेवा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच. दुपारी कधी ते असंबद्ध बोलू लागले, उगाच चिडले, उभं राहताना भेलकांडले, किंवा अंग कोरडं आणि कढत लागलं, तर झोपू देऊ नका. अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

लेकीच्या कानाच्या रुमालाचं मात्र राहू द्या. त्याने काही बिघडत नाही.